लागलेली कडी

दार बंद असे, कडी लागलेली असे, आणि तरीही शाळा सुटल्यावर एक हात येऊन ती कडी उघडत असे व पुन्हा लावत असे. मग पुन्हा उघडत असे, पुन्हा लावत असे.

मित्रांनो, ती कडी म्हणजे मी. मी एक जुनी पितळी कडी आहे. माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतले गेले, थंड झाल्यावर कानशीने घासले गेले, आणि एका कामगाराने माझा दांडा पुढेमागे सरकवून 'चालेल' असा शेरा दिला. तेवढीच माझी पदवी. पुढे दुकानातल्या खोक्यात मी बराच काळ बिजागऱ्यांच्या शेजारात काढला. अखेर एका सुताराने मला एका घराच्या मुख्य दारावर आतल्या बाजूने बसवले. मला डोळे नाहीत. स्पर्श आणि आवाज एवढ्यावरच माझे ज्ञान उभे आहे, म्हणून ऐकीव गोष्टींवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

घरात माणसे तीन. आई छापखान्यात नोकरीला, तिचे वडील निवृत्त, आणि मुलगी सहावीत. लहानपणी ती घरभर घरंगळत असे, म्हणून आजोबांनी तिचे नाव गोटी ठेवले होते. गोटीचे वडील जहाजावर असत. आजोबा माझे कौतुक करीत. "कडी म्हणावी तर अशी. नाहीतर हल्लीच्या कड्या, शिंकलं तरी उघडतात," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चांगले दिवस होते.

मग ते दुपारचे प्रकार सुरू झाले. आई कामावर, आजोबा आतल्या खोलीत घोरत, आणि माझ्यावर गोटीची बोटे. प्रथम मला संशय आला की ही कोणाला तरी घरात घेणार आहे. परंतु दार कधी उघडले नाही. मग वाटले, पळून जाण्याची तालीम चालली असावी. परंतु बिजागऱ्या जागच्या हलत नव्हत्या. उरला खोडसाळपणा, पण खोडी काढणारी बोटे चपळ आणि कोरडी असतात. ही थंड आणि घामेजलेली होती. पुरावा अपुरा होता. मी निष्कर्ष राखून ठेवला आणि संशय चालू ठेवला.

परिणाम मात्र मोजण्याजोगा होता. माझे स्क्रू सैल झाले, चौकटीतले भोक रुंदावले. आईने कुलूपवाल्याला बोलावले. त्याने मला हलवून पाहिले आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"ताई, हिला कोणाचा तरी हात लागतोय. बाहेरून दार हलवून बघत असणार."

"चोर?"

"मी नाव कशाला घेऊ? पण कडी काही आपणहून सैल होत नाही."

दुसरे वाक्य खरे होते. पहिल्याला आधार नव्हता. बाहेरून दाराला एक धक्काही बसला नव्हता. ओरखडे आहेत का ते पाहायला मात्र कोणी बाहेर गेले नाही.

त्या दिवसापासून घरात संशय राहायला आला. दूधवाला जिन्यात जरा रेंगाळला तरी आई दाराच्या भोकातून पाहू लागली. सकाळी निघताना ती गोटीला बजावू लागली, "घरी आलीस की कडी नीट लाव. लावलीस की परत एकदा बघ. आजोबा झोपलेले असतात, घर तुझ्यावर आहे." आणि गोटी बघू लागली, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा, आता सकाळीसुद्धा. शाळेची बस रोज चुकू लागली. बोटांची सालपटे निघाली. मैत्रिणी जिन्यातून हाका मारून निघून जात, आणि काही दिवसांनी त्यांनी हाका मारणेही सोडले. वर्गशिक्षिकेने आईला सांगितले की असेच चालले तर ही अभ्यासात मागे पडेल. आईने एकच निदान केले: आळस.

माझे स्क्रू पुन्हा सैल झाले, तेव्हा संशय आजोबांकडे वळला.

"बाबा, दुपारी तुम्ही उठून दार उघडता का? आठवून सांगा."

"मी झोपतो गं. चोर आलाच तर माझं घोरणं ऐकून तोही आडवा होईल."

"चेष्टा नको. विसरायला होतं या वयात."

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. जाताना तिने शेजारणीला सांगितले, शेजारणीने खालच्या मजल्याला सांगितले, आणि सर्वांनी आजोबांना 'जपा हं' म्हटले. आजोबांची स्मृती ठणठणीत निघाली. मग पुन्हा चोरच उरला, आणि आईने मला काढून नवे कुलूप बसवण्याचे ठरवले.

सुट्टीच्या दिवशी कुलूपवाला आला. त्याने पेचकस लावला, तोच दोन हातांनी मला घट्ट धरले.

"काका, ही काढू नका."

"अगं, नवं कुलूप हिच्याहून भारी आहे."

"ही काढली तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?" आईने विचारले.

"बंद आहे की नाही ते."

"समोर दिसतंय ना बंद आहे ते."

"दिसतं गं. पटत नाही." गोटीचा आवाज फार हळू होता. "नीट लागली नाही तर आजोबा मरतील, असं डोक्यात येतं. खोटं आहे हे मला माहीत आहे. तरी येतं. कडी परत लावली की ते जरा वेळ जातं."

कुलूपवाला हसला. "वेडी का काय गं तू?"

दुसरे कोणी हसले नाही. गोटीचे हात माझ्यावरून निसटले. आईने कुलूपवाल्याला नंतर यायला सांगून दार लावले.

"हे कोणाला बोलायचं नाही," ती म्हणाली. "पोरीवर शिक्का बसेल."

"मला नेलंस तेव्हा अख्ख्या इमारतीला सांगून नेलंस," आजोबा म्हणाले. "माझ्यावर बसला का शिक्का?"

"तुमचं वय झालंय, बाबा. हिचं तसं नाही."

"डोकं तिलाही आहेच की. माझं दुखणं सांगण्यासारखं आणि तिचं लपवण्यासारखं, हे कोणी ठरवलं?"

मग आईचा आवाज खालून आला. ती बहुधा गोटीजवळ जमिनीवर बसली होती. "केव्हापासून येतं असं?"

"तुम्ही चोराचं बोलायच्या आधीपासून. नंतर खूप वाढलं."

त्याच आठवड्यात त्या दोघी मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. शेजारणीने कुठे निघालात म्हणून विचारले, तेव्हा आईने क्षणभर थांबून खरे उत्तर दिले. शेजारण म्हणाली, "जपा हं."

उपचार सुरू झाले. त्यातला एक भाग मला कळतो, कारण तो माझ्यावरच होतो: कडी एकदाच लावायची, हात काढायचा, आणि भीती आपोआप ओसरेपर्यंत तिच्यासोबत थांबायचे. 'लागली गं, लागली' अशी खात्री घरच्यांनी द्यायची नाही. फक्त शेजारी उभे राहायचे. पहिल्या दिवशी गोटी रडली. आजही एखाद्या दिवशी बोटे परत येतात. सुधारणेच्या बातमीवर मी सहजी विश्वास ठेवत नाही; पण माझे स्क्रू आता घट्ट राहतात, आणि जिन्यातून पुन्हा हाका येतात.

मित्रांनो, पोट दुखले तर तुम्ही सांगता, तसेच डोक्यात नको तो विचार पुन्हापुन्हा येत असेल तर सांगा. ज्याला सांगितले तो हसला, तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा. आणि कोणी तुम्हाला सांगितले, तर हसू नका.

खरे कारण आता उपलब्ध आहे, ते नोंदवते. गोटीला आजार होता. तो आळस नव्हता, खोडी नव्हती आणि वेडही नव्हते. आजारामुळे ती कडी तपासत होती. तपासण्यामुळे स्क्रू सैल झाले. सैल स्क्रू पाहून घरच्यांना चोराचा संशय आला, आणि त्या संशयापोटी त्यांनी तिला आणखी तपासायला सांगितले. चोर कधीच आला नव्हता.