घड्याळजीचा ट्रक

दिवसभर डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी काय करावंसं वाटेल? कुणी म्हणेल, झोपावंसं. गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या घड्याळजीला मात्र ट्रक खोलावासा वाटे. तोही साधासुधा नव्हे. साठ वर्षांपूर्वीचा, पुढे लांबलचक नाक असलेला, सहा चाकांचा. त्यातलं एकेक चाक उचलायला दोन माणसं लागत. "डोळे बारीक कामाने शिणतात, म्हणून हातांना जड काम देतो," असं तो सांगे. त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची, "सवत आणलीय माझ्या उरावर, आणि तीही सहा पायांची!"

या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. ती मोठ्या इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे एकतीस वर्षं उभी होती. कागद घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, कधी घ्यायच्या ते सांगायचं. तिच्या हातून एकदाही चुकीची पट्टी गेली नव्हती, आणि घड्याळजीच्या हातून एकही स्क्रू हरवला नव्हता. अशा दोघांचा संसार कसा असेल ते वेगळं सांगायला नको. घरात कात्री कुठे आहे हे कधी शोधावं लागलं नाही.

एका सकाळी घड्याळजी दुकानात, काउंटरवर डोकं टेकून गेला. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. त्याला वाटलं, हा कान लावून घड्याळ ऐकतोय, म्हणून ते बराच वेळ गप्प उभं राहिलं. हृदय थांबलं होतं.

वहिनीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, आठ-पंधरा दिवसांत बांध फुटेल. पंधरा दिवस गेले, महिना गेला. ती कामावर जायला लागली, वेळेवर जेवायला लागली, चादरी बदलायला लागली. जेवणात मीठ कमी होतं की जास्त, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. दात काढताना गाल बधिर करतात ना, तशी ती सगळीच्या सगळी बधिर झाली होती. गाल आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. रजा संपून निघताना ती म्हणाली, "आई, शेडमधलं ते धूड आधी विकून टाक. रोज डोळ्यांसमोर नको."

धूड खरं तर धूडही राहिलं नव्हतं. घड्याळजीने तीन वर्षांत ट्रक पार सुटा केला होता. सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर, इंजिन लोखंडी घोड्यावर, गिअरबॉक्स टेबलावर, आणि बाकी सगळं दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत. दीडशेच्या वर डबे, प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर मोत्यासारख्या अक्षरांत आत काय आहे ते आणि तारीख. याआधीचे दोन ट्रक त्याने असेच खोलून, असेच जोडून रस्त्यावर आणले होते.

भंगारवाला आला. शेडला एक चक्कर मारली, सांगाड्यावर थाप मारली आणि म्हणाला, "उद्या सकाळी क्रेन घेऊन येतो."

"नको," वहिनी म्हणाली.

"मग परवा?"

"विकायचा नाही."

"मग बाई, करणार काय याचं?"

"माहीत नाही," असं म्हणून तिने शेडला कुलूप लावलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

घड्याळजीचा एक जिवाभावाचा दोस्त होता, वेल्डर. बोटं काळवंडलेली, भुवया ठिणग्यांनी अर्ध्या जळलेल्या, आवाज फाटक्या पत्र्यासारखा. गेली वीस वर्षं तो दर शनिवारी सकाळी शेडमध्ये यायचा. घड्याळजी गेल्यावरही तो यायचा थांबला नाही. बंद दारासमोर उलट्या डब्यावर बसायचा, वहिनीने दिलेला चहा प्यायचा आणि जायचा. पाचव्या की सहाव्या शनिवारी वहिनी चहासोबत किल्लीही घेऊन आली.

"भाऊजी, सुरुवात कुठून करायची असते?"

वेल्डरने कप खाली ठेवला. "ज्या टोकाला खोलणं संपलं, तिथून. शेवटी जे काढलं ते आधी बसतं."

"शेवटी काय काढलं होतं?"

"इंजिनाचं पोट. पण त्याला घाई करून चालत नाही, वहिनी. आपण आधी मागच्या चाकांपासून धरू, हात बसेल तुमचा."

मग दर शनिवार-रविवार, सकाळी आठ ते दुपारी एक, दोघं शेडमध्ये. वहिनीने घड्याळजीचा जुना डगला चढवला, बाह्या चार वेळा दुमडल्या. पाना कसा धरायचा, चाकांवरच्या लोखंडी पाट्यांचा स्प्रिंगचा गठ्ठा सांगाड्याखाली कसा सरकवायचा, ग्रीस बोटाने नाही तर तळहाताने कसं दाबायचं, ते ती शिकली. जड गोष्टी वेल्डर साखळीच्या कप्पीने उचलायचा, नट ती आवळायची. डबा उघडायचा, पट्टी वाचायची, वस्तू काढायची, जागी बसवायची. इस्पितळातलंच काम, फक्त गोळ्यांऐवजी बोल्ट. दोघं फारसं बोलत नसत. तिला तेच बरं वाटे, म्हणजे वाईट वाटत नसे.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मागच्या चाकांची धुरी बसली, पाटे बसले, ब्रेक बसले. मग इंजिनाकडे वळले आणि घोडं पेंड खायला लागलं.

इंजिनाच्या पोटातला मुख्य दांडा सात लोखंडी टोप्यांनी धरलेला असतो. दिसायला सातही सारख्या, पण प्रत्येकीची जागा ठरलेली. अदलाबदल झाली तर दांडा जाम. घड्याळजीने सातांचे सात डबे केले होते. वहिनीने ते ओळीने मांडले आणि पट्ट्या वाचल्या. एक, दोन, तीन, चार, तीन, सहा, सात.

"तीन दोनदा आहे. पाच नाहीच."

"असेल. घाईत लिहिलं असेल," वेल्डर म्हणाला, आणि उगाचच हातोडी शोधायला लागला.

घाईत? तो माणूस दुधाच्या पिशवीवर तारीख टाकतानासुद्धा पट्टी लावून रेघ मारायचा. वहिनीने सगळे उरलेले डबे फळीवरून खाली काढले आणि औषधांचा साठा लावतात तसे तारखेप्रमाणे जमिनीवर मांडले. त्याला अर्धी सकाळ गेली. मग ती गुडघ्यांवर बसून एकेक उघडत गेली.

दीड वर्षापूर्वीपर्यंतचे डबे चोख. त्यानंतर 'ब्रेकच्या स्प्रिंगा' लिहिलेल्या डब्यात व्हॉल्वच्या स्प्रिंगा निघाल्या. 'वायसर, पुढचे' यात नुसती चिंधी. एका डब्यात मनगटाएवढी जाड स्प्रिंग होती आणि पट्टीवर लिहिलं होतं, 'बॅलन्स स्प्रिंग, हिरव्या पट्ट्याचं घड्याळ, गुरुवारी देणे.' अक्षर तेच, मोत्यासारखं. अक्षर शेवटपर्यंत बिघडलं नव्हतं. आणि अगदी कडेला, मरणाआधीच्या दोन महिन्यांतले तीन डबे. तिन्हींवर एकच: 'हे कशाचं?' तिसऱ्यावर त्याच्याखाली बारीक अक्षरांत: 'वेल्डरला विचारणे.'

वहिनीने तो डबा उचलून वेल्डरपुढे धरला.

"ह्यांनी विचारलं होतं तुम्हाला?"

वेल्डरने पट्टी वाचली. मग हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"विचारलं होतं."

"कितीदा?"

"एकाच शनिवारी चारदा." तो दाराच्या चौकटीला टेकला. "त्याआधीही चालू होतं, वहिनी. एकदा हातात पाना धरून उभा राहिला. म्हणाला, याचं नाव सांग. मला वाटलं गंमत करतोय. मी म्हटलं, आधी तुझं नाव सांग. तर हसला नाही. घामाने डबडबला होता."

"मग?"

"मग मला शपथ घातली. म्हणाला, तिला कळता कामा नये. ती रोज खिडकीतून या विसरण्याच्याच गोळ्या देते, त्याच माणसांच्या बायका बघते. घरी आल्यावर तरी तिच्यासमोर तसा माणूस नको. निदान होईल तितके दिवस." वेल्डरचा आवाज आणखीच फाटला. "मी रोज ठरवायचो, आज सांगू, उद्या सांगू. आणि मग त्याचं हृदयच..."

"बरं," वहिनी म्हणाली. "मग हे कशाचं आहे?"

"पाण्याच्या पंपाचं."

तिने खिशातून पेन काढलं, जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी चिकटवली आणि लिहिलं, 'पाण्याचा पंप.' जुनी पट्टी काढली नाही.

सोमवारी ती खिडकीत उभी राहिली. अकराच्या सुमाराला नेहमीची एक बाई आली, नवऱ्याच्या विसरण्याच्या गोळ्या न्यायला. "सकाळी एक, जेवणानंतर," वहिनीने सांगितलं. बाई म्हणाली, "हल्ली मला आई म्हणतात हो." वहिनीने मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. मग दिवसभर, मागे न लागता, एकेक आठवत गेलं. घड्याळजीने बाजारात जाणं सोडलं होतं. म्हणायचा, गुडघे दुखतात. आज वार कोणता, असं दोनदा विचारायचा आणि मग स्वतःच म्हणायचा, "तुझी परीक्षा घेतो." दुकानातून एक गिऱ्हाईक भांडत आलं होतं, त्याला दुसऱ्याचंच घड्याळ गेलं होतं. या सगळ्यावर तिने एकच पट्टी चिकटवली होती: वय झालं.

तिने मुलीला फोनवर सांगितलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "पण आई, तू तर त्याच कामात! तुला कळलं कसं नाही?"

वहिनीने गॅस बारीक केला.

"आई, मला तसं नव्हतं म्हणायचं गं."

"म्हण की. मीही तेच म्हणते," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. पाणी आलंय, भरून घे, असं सांगावं तसा आवाज. मुलगीच हमसून हमसून रडली, आणि वहिनी कानाला फोन लावून तिचं आटपेपर्यंत थांबली.

टोप्यांच्या एकाही पट्टीवर आता भरवसा नव्हता; तो गुंता सोडवायला तीन रविवार लागले. एक टोपी बसवायची, आवळायची, हाताने दांडा फिरवून बघायचा, अडला की काढायची. वेल्डर वैतागायचा, वहिनी नाही. तिला कंटाळाही येत नव्हता. पाचव्या जागेची टोपी सापडली तेव्हा दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. "जमलं!" वेल्डर ओरडला. "सहावी घ्या," ती म्हणाली.

इंजिन सांगाड्यावर चढलं, गिअरबॉक्स जोडला गेला, रेडिएटर, नळ्या, तारा. थंडी पडायला लागली होती तेव्हा एका शनिवारी वेल्डरने डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि स्टार्टर दाबला. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा पांढरा धूर. तिसऱ्यांदा शेडचे पत्रे थरथरले, फळीवरचे रिकामे डबे खाली कोसळले, आणि इंजिन चालू राहिलं. वेल्डरने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. वहिनी पायरीवर चढून आत वाकली.

"तेलाचा काटा वर आलाय का बघा."

"आलाय," तो नाक पुसत म्हणाला.

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक शेडमधून बाहेर काढला. अजून दारांना काचा नव्हत्या, रंग नव्हता. नुसता तांबूस प्रायमर. वेल्डर चालवायला, वहिनी शेजारी. गल्लीतली माणसं दारात आली, कुणी हात केला. वहिनीनेही हात केला. आपण इथे आहोत आणि हे आपल्याला दिसतंय, एवढंच तिला कळत होतं.

शहराबाहेर टेकडीचा चढ लागला. वेल्डरने गिअर खाली घेतला आणि इंजिन असं गर्जायला लागलं की स्वतःचा विचारही ऐकू येईना. ट्रक माणसाच्या चालीने वर चढत होता. पायाखालचा पत्रा तापला होता, थरथर तळव्यांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून दातांत येत होती. वहिनी समोर बघत बसली होती. आणि एकाएकी तिने तोंड उघडलं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं!"

"काय?" वेल्डरने कान पुढे केला. "गिअर?"

"सांगायला हवं होतं मला!" ती ओरडली. एकतीस वर्षं खिडकीमागे हळू बोलणारी बाई, तिचा आवाज चिरकला. "त्यांनी नाही सांगितलं, ते त्यांचं! तुम्ही सांगायचं होतं, भाऊजी! वर्षभर एकटा घाबरत होता तो माणूस, आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते!"

आता त्याला ऐकू आलं. त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "हो," तो ओरडून म्हणाला. "चुकलंच माझं!"

"चुकलंच तुमचं!"

"हो!"

चढ संपला, आवाज उतरला. माथ्यावर रस्ता रुंद होता. वेल्डरने वेग आणखी कमी केला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "इथून फिरवू मागे?"

बिनकाचेच्या दारातून वारा आत येत होता, आणि तो वहिनीला गार लागला. तिने डगल्याच्या दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"नको," ती म्हणाली. "पुढे चला थोडं."