नारिंगी डगला आणि रिकामे बाक

मी एक जुना डगला आहे, मित्रांनो. नुसता कोट समजू नका हं! गळ्यापासून घोट्यापर्यंत सदरा-विजार एकत्र शिवल्यासारखं एकच सलग अंग, आत जाडजूड अस्तर, पुढे लांबलचक चेन आणि रंग असा भडक नारिंगी, की अर्ध्या मैलावरून डोळ्यांत भरावा. शिकारीला गेलेल्या माणसाला दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजून गोळी घालू नये, म्हणून मला हा रंग मिळाला. पण खरं सांगू? हरणं मी फार पाहिलीच नाहीत. माझं आयुष्य गेलं ते फुटबॉलच्या मैदानात, एकेचाळिसाव्या रांगेत, सात नंबरच्या जागेवर!

माझा जन्म अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका शिवणकारखान्यात झाला. ज्या बाईने माझी चेन बसवली, तिचं लक्ष त्या दिवशी घड्याळाकडे असावं, कारण चेन जन्मापासून आडमुठी निघाली. सरळ खाली ओढली तर अडलीच म्हणून समजा. आधी बोटभर वर घ्यायची, मग खाली. ही खुबी जगात एकाच माणसाला साधली, तो म्हणजे माझा धनी, ऑर्विल डेकर. केल्टन गावच्या पुठ्ठ्याच्या गिरणीत तो कामाला होता. गिरणीत कपड्यांची अदलाबदल होते, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी माझ्या कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने लिहिलं, 'ऑर्विल'. तेव्हापासून मी त्याचा.

आमच्या केल्टनच्या संघाचं नाव 'लाकूडतोडे'. आमचा फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा लांबट चेंडू, आणि तो बहुतेक वेळ पायांपेक्षा हातातच असतो. हसू नका, आमच्याकडे या गोष्टीवर कोणी हसत नाही! आणि आमचं मैदान उघडं. वर छप्पर नाही, खाली शेगडी नाही, बसायला पत्र्याचे लांब बाक. सप्टेंबरात ज्या बाकावर वीस माणसं ऐसपैस बसतात, त्यावर जानेवारीत तीच वीस माणसं मावत नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर माझ्यासारखं कोणी ना कोणी चढलेलं असतं ना! मग आम्ही एकमेकांत घट्ट रुतून बसतो, आणि त्या दाटीतच खरी ऊब असते. वाऱ्याला शिरायला फटच सापडत नाही.

ऑर्विलकडून दुनियेने शिकावं असं बरंच होतं. मोज्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या चढवायच्या, मग बूट. आणि मुख्य म्हणजे पायाखाली पुठ्ठा! सिमेंट पायांतून जीव शोषून घेतं, पुठ्ठा मध्ये आला की ते गप्प बसतं. हा पुठ्ठा त्याच्याच गिरणीचा. "माझ्याच पुठ्ठ्यावर उभा राहतो, कुणाच्या बापाच्या नाही," असं तो नवख्यांना ऐकवायचा. आठ नंबरच्या जागेवर त्याची बायको आयडा बसायची. एकदा बाकाच्या कडेला अडकून माझी पाठ फाटली, तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या लाल चौकड्याच्या कापडाचा तुकडा लावून दिला. मी किती मिरवलो म्हणता! नारिंगी डगले त्या मैदानात हजार असतील, पण पाठीवर लाल चौकडा असलेला मी एकटाच.

आयडा गेली. मग आठ नंबरवर कधी त्यांची मुलगी मार्लीस यायची. ती शाळेची बस चालवते, पन्नाशीची, आवाज असा की मागच्या बाकावरची कार्टी एका हाकेत गप्प. पण थंडीचं आणि तिचं काही जमत नसे. गेल्या काही वर्षांत तीही येईनाशी झाली.

आणि मग तो डिसेंबर आला. ऑर्विल अंगणातल्या बर्फावर घसरला, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्याला मार्लीसने आपल्या घरी आणलं, पुढच्या खोलीत खिडकीपाशी, टीव्हीसमोर त्याचा पलंग लावला. मला मात्र मोटारीच्या खोलीत खिळ्यावर टांगलं. माझ्या डाव्या खिशात उंदराने घर केलं, मित्रांनो! आठवडाभर मी लाजेने मेलो होतो.

त्याच वर्षी लाकूडतोडे जिंकत सुटले! एक, दोन, सलग सहा सामने! आता बाद फेरी, तीही केल्टनमध्ये, रविवारी दुपारी. हरला तो घरी, जिंकला तो पुढे. ऑर्विलने हुकूम सोडला, "माझा डगला आण. पायांवर घाल. पांघरूण नको, तोच हवा." मी उंदराच्या घरासकट पलंगावर आलो. त्याचा हात माझ्या बाहीवर पडला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पण गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, आणि खोलीतली हवाच बदलली. सात हजार तिकिटं शिल्लक होती.

त्या काळी एक नियम होता. सामन्याच्या तीन दिवस आधीपर्यंत सगळी तिकिटं खपली नाहीत, तर त्या गावच्या टीव्हीवर सामना दिसायचा नाही. साऱ्या देशाला दिसेल, केल्टनला नाही! संघाने हातापाया पडून एक दिवसाची मुदत वाढवून घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळी सहा, त्यापुढे नाही.

"सात हजार?" ऑर्विल उठून बसायला धडपडला. "झालंय काय लोकांना?"

"शून्याखाली वीस सांगितलंय, बाबा. वारा वेगळाच. लोक शहाणे आहेत. घरी मोठा टीव्ही आहे, गरम खोली आहे, बाथरूमला रांग नाही. कोण मरायला जाईल तिथं?"

"सगळ्यांनी असंच म्हटलं तर तो टीव्ही दाखवणार काय, तुझं कपाळ?" मग तो थांबला. "मार्लीस, आपली दोन तिकिटं कुठं आहेत? एकेचाळीस, सात आणि आठ?"

मार्लीस भांडी नसलेल्या टेबलावरून फडका फिरवत राहिली.

"मार्लीस."

"ते पत्र आलं होतं, बाबा. तुम्ही दवाखान्यात होता. नेहमीच्या जागांची बाद फेरीची तिकिटं हवीत का, हो की नाही, खूण करून पाठवा, असं होतं." ती त्याच्याकडे बघेना. "मी नाहीवर खूण केली. म्हटलं, तुम्ही तर जाणार नाही. मी टीव्हीवर बघीन तुमच्या शेजारी बसून. माझ्या एका खुणेनं काय होणार होतं?"

ऑर्विल रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "हा सामना मला बघायचा होता गं. पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं?"

शुक्रवारी दुपारी मार्लीस बस घेऊन गेलेली असताना म्हाताऱ्याने काय केलं असेल? मला अंगावर ओढलं! "चल, आपण जाऊ," असं माझ्याशीच बोलत एक पाय त्याने माझ्यात घातला. दुसरा उचलेना. दात आवळले, घाम फुटला, पाय उचलेना तो उचलेना. मी काय मदत करणार? मला स्वतःला हात आहेत कुठं, नुसत्या बाह्या! मार्लीस दारात आली तेव्हा तो तसाच अर्धा माझ्यात, अर्धा बाहेर बसला होता.

"बाबा! वेड लागलंय का तुम्हाला?"

"तिकीट घ्यायचंय."

"आणि रविवारी जाणार कसे? रांगत?"

"जमलं तर रांगत!"

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्याचा पाय माझ्यातून हलकेच सोडवता सोडवता तिचे डोळे भरून आले. "द्या तो डगला इकडं," ती म्हणाली. "खूण मी केली, निस्तरायचंही मीच." आणि तिने स्वतःच्या अंगावर मला चढवलं! बाह्या बोटांच्या पुढे लोंबल्या. तिने चेन वर ओढली, आणि आम्ही निघालो.

शुक्रवारी संध्याकाळी आमचं अर्धं गाव बर्निसच्या गुत्त्यात तळलेले मासे खायला जमतं. पाच वाजले होते. काउंटरवरचा रेडिओ सांगत होता, तीनशेचाळीस तिकिटं शिल्लक. आणि मंडळी? निवांत लिंबू पिळत बसलेली!

"किती जणांनी घेतलं तिकीट?" मार्लीसने दारातूनच विचारलं.

सगळे माशांचे काटे काढू लागले. गाईंच्या गोठ्याचा मालक वेंडल म्हणाला, "बियर ओठाला लागायच्या आत गोठते तिथं. आणि घेतील की कुणीतरी. एवढं मोठं गाव आहे."

"कोण घेईल?"

"दुसरे."

"दुसरे म्हणजे कोण, वेंडल? नदीपलीकडच्या गुत्त्यात ह्या घटकेला ते हेच म्हणतायत. त्यांचे दुसरे म्हणजे तुम्हीच!"

काय बोलली! मी तिच्या अंगावर होतो, मला तिच्या छातीचे ठोके लागत होते. सगळेच पालखीत बसले तर खांदा देणार कोण?

"मला हसू नका," ती पुढे म्हणाली. "मी तुमच्याहून वाईट. मी तर नाहीवर खूण करून पाठवली. आता माझा बाप पलंगावरून उठून या डगल्यात शिरायला बघतोय. त्याला एवढा एक सामना बघायचाय. मी जाणार. माझी बस साठ जणांची आहे, शाळेला विचारून आणते. कोण येतंय?"

वेंडल उठला. "पुठ्ठा मिळेल का पायाखाली?"

"ऑर्विलच्या गिरणीचा!"

"मग लिही माझं नाव. बायकोला म्हाताऱ्याजवळ बसवतो. नाहीतरी तिला माझ्यापेक्षा तोच आवडतो!"

आणि बांध फुटला! बर्निस तिकीटखिडकीला फोन लावून बसली, एकेक जण ओरडून नाव सांगू लागला. दोनशेऐंशी उरली. मग तिने नदीपलीकडच्या गुत्त्याला फोन केला. "आमची साठ माणसं निघाली. तुम्ही बसा शेगडीपाशी, लोकर विणत!" झालं! पलीकडून शिव्यांचा भडिमार आणि पाठोपाठ शंभर तिकिटं! त्यांनी पुढच्या गावाला डिवचलं, त्या गावाने त्याच्या पुढच्याला. पावणेसहाला नव्वद. सहाला पाच कमी, बावीस. मासे थंड झाले, कुणाचं लक्ष नाही. मार्लीसने माझी बाही दातांत धरली होती, अजून खुणा आहेत. रेडिओवर गाणं लागलं, ते मधेच तुटलं आणि निवेदक ओरडला, "संपली! सगळी संपली! रविवारी केल्टनला सामना दिसणार!"

अहो, काय तो कल्लोळ! माझा जीव भांड्यात पडला. बर्निसने वेंडलचा मुका घेतला, वेंडल जो लाल झाला तो घरी जाईपर्यंत तसाच.

रविवार! नाकातला श्वास आत जाता जाता गोठत होता. सात आणि आठ कधीच कुणीतरी घेतली होती, आम्हाला पार वरची रांग मिळाली. पण बाकावर बघावं तर फटच नाही! माणसाला माणूस चिकटलेलं. मी कितीही जुना असलो तरी वाऱ्याला आत येऊ दिलं नाही, अभिमानाने सांगतो. शेजारी दक्षिणेकडून आलेली एक बाई उभी होती, पायांत पातळ बूट, ओठ निळे. मार्लीसने आपल्या पायाखालचा पुठ्ठा काढला आणि तिच्या पायाखाली सरकवला. "आणि तू?" बाईने विचारलं. "मी बस चालवते," मार्लीस म्हणाली. त्याचा पुठ्ठ्याशी काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शेवटचे चार सेकंद उरले. आम्ही दोन गुणांनी मागे. आता चेंडू पायानेच मारायचा होता, मैदानाच्या टोकाच्या दोन उंच खांबांमधून; गेला की तीन गुण. थंडीने चेंडू धोंड्यासारखा टणक झालेला. सत्तर हजार माणसं श्वास रोखून उभी. धाडकन लाथ बसली, चेंडू वाकडा निघाला, उजव्या खांबावर आपटला, आणि आत पडला! आत! मार्लीस अशी उडाली की माझा एक खिसा तिथंच उसवला. आम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होतो आणि रडलेलं गालावरच गोठत होतं.

घरी आलो तेव्हा ऑर्विल उशीला टेकून जागा होता, गाल लालबुंद.

"कॅमेरा वर फिरला होता," तो म्हणाला. "नेमकी पाठ फिरवली होतीस. लाल चौकडा! मी वेंडलच्या बायकोला म्हटलं, बघ, ती आमची, आयडाच्या ठिगळवाली." मग त्याने भुवया वर चढवल्या. "आणि पायाखाली पुठ्ठा का नव्हता? सारखी नाचत होतीस, एकदा या पायावर, एकदा त्या. कळतं मला."

"शेजारणीला दिला, बाबा. तिचे बूट पातळ होते."

"आयडानंही हेच केलं असतं," तो म्हणाला.

मार्लीस माझी चेन खाली ओढायला लागली, आणि चेन अडली. ती ओढतेय, मी हट्टाला पेटलोय. "इकडं ये," ऑर्विल म्हणाला. ती पलंगाशी वाकली. त्याची बोटं चेनवर आली. "आधी वर, मग खाली. बघितलंस?" तिने बघितलं. मग स्वतः दोनदा करून पाहिलं.

"आता ती शाई आण," तो म्हणाला. "कपड्यावरची. टेबलाच्या खणात आहे."

त्याने माझी कॉलर उलटी केली, आणि आपल्या नावाखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'मार्लीस'.

मित्रांनो, आता मी खिळ्यावर नसतो, कपाटात असतो. माझ्यासारखा जुना कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याला धुवा, उन्हात वाळवा, खिशात उंदीर शिरू देऊ नका. आणि थंडीच्या दिवशी 'दुसरे जातील' असं कुणी म्हणालं, तर तो जुना डगला अंगावर चढवून तुम्ही निघा. माझ्या कॉलरमध्ये अजून एका नावापुरती जागा आहे. चेन तेवढी सांभाळून हं. आधी वर, मग खाली.