शेवटच्या टेबलावरची घंटी

तिने मान खाजवली. एवढंच. घावनाचा चटणीत बुडवलेला तुकडा तोंडात गेला आणि जरा वेळाने तिचा हात मानेकडे गेला. वाडीत डास असतातच, पण डास चावला की माणूस चापट मारतो. ही हळूच, चोरून खाजवत होती. मला उगीचच धस्स झालं.

बोलतेय ती मी, तिच्या टेबलावर टांगलेली पितळी घंटी. मला कशानेही धस्स होतं, हे आधीच सांगून टाकते. नारळाची झावळी पडली तरी मी आतून शहारते. जरा धक्का लागला की थरथरायचं, अशीच माझी घडण. म्हणून तेव्हाही मी स्वतःला दटावलं, गप्प बस, काही झालेलं नाही.

कुठल्या कासाराने मला ओतलं ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती बैलाच्या मानेची. ऊबदार होती. वटारच्या या वाडीत तेव्हा रहाट होता. बैल गोल फिरायचा आणि बावखलातलं, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्यातलं पाणी वर येऊन पाटाने केळींकडे पळायचं. मी वाजत असले की घरातले निवांत. मी थांबले की ओटीवरून कुणीतरी ओरडायचं, "काय रे, झोपलास काय?" बैलाला वाटायचं, ओरडा त्याला बसला. मला वाटायचं, माझी चौकशी केली.

मग पंप आला. बैल गेला आणि मी खुंटीला लागले. खुंटीवर कोणी वाईट वागत नाही हो. कोणी वागतच नाही.

यंदा या घरातल्या नीलेशने वाडीत रेस्टॉरंट काढलं. शनिवार-रविवार ब्रंच. "म्हणजे न्याहारी उशिरा आणि जेवण लवकर," त्याने आईला समजावलं.

"आपल्याकडे त्याला आळस म्हणतात," लतिकाकाकू म्हणाल्या. तरी पदर खोचून चुलीपाशी उभ्या राहिल्या.

प्रत्येक टेबलावर एक घंटी बांधली. गिऱ्हाइकाने दोरी ओढायची, वेटरने यायचं. बाकीच्या घंट्या बाजारातून आणलेल्या, चकचकीत. मला बावखलाकडचं शेवटचं टेबल मिळालं. तिकडे कोणी बसेना. सगळ्यांना झोपाळ्यापाशी फोटो हवे होते. खुंटीवरून सुटले म्हणून मी हरखले होते, पण दोरीला हात लावेल असं माणूसच नव्हतं.

आज ही आली. चंदनसारहून, रिक्षाने.

"किती जण?" वेटर सिद्धेशने विचारलं.

"एक."

"एकच?"

तो तसं वाईट हेतूने म्हणाला नव्हता. पण तिचे कान लाल झाले, आणि तिने आपण होऊन माझं टेबल निवडलं. समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवली, खुर्ची अगदीच रिकामी दिसू नये म्हणून. मग फोन आला. "हो गं आई, मस्त आहे जागा. मैत्रिणींबरोबरच आलेय. हो, चौघी आहोत. अगं, इशिता कधी एकटी फिरते का!"

म्हणून मला तिचं नाव कळलं.

खायचं मागवताना तिने नीट विचारलं होतं, "यात कोळंबी नाही ना? मला अजिबात चालत नाही, खूप त्रास होतो."

सिद्धेशने तिथूनच आवाज दिला, "काकू, हिरव्या चटणीत कोळंबी आहे का?"

"नाय रे! चटणीत कोळंबी कशाला घालू?"

आणि खरंच नव्हती. भाजलेला सुका जवळा होता, बारीक वाटलेला. पण आमच्या स्वयंपाकघरात जवळ्याला कोणी मासळीत धरत नाही. तो मिठासारखा, चवीपुरता. ही कोळंबीचीच बारकी भावंडं, हे काकूंच्या मनातही आलं नाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

आता तिचे ओठ सुजले होते. पर्समधली गोळी तिने तोंडात टाकली, पण पाणीच घशाखाली उतरेना. हाक मारायला गेली तर नुसती शिट्टीसारखी हवा आली. तिने दोरी धरली. आणि काय केलं माहितेय? दुसऱ्या हाताने माझा लोलक दाबून धरला. आवाज होईल, लोक वळून बघतील, म्हणून! जीव घुसमटतोय आणि पोरीला लाज वाटतेय. मला रडू आलं. अगं सोड, बघू दे लोकांना!

सोडला तिने. ओढली दोरी.

मी वाजले. पण सकाळपासून सगळ्या टेबलांवरची मुलं घंट्यांशीच खेळत होती, आणि सिद्धेश प्रत्येक वेळी धावून धावून कंटाळला होता. त्याने मागे न बघताच हात उडवला, "ए, बस झालं आता!" तिकडे कुणीतरी गिटार वाजवत होतं. झोपाळ्यापाशी हशा पिकला होता. एकेकाळी मी नुसती थांबले तरी माणसं उठायची. आज जीव तोडून वाजत होते आणि कोणी मान वळवत नव्हतं.

ती खुर्चीवरून घसरली, गुडघ्यांवर आली. दोरी सोडली नाही. मीही तिला सोडणार नव्हते. माझा आवाज गोड नाही, घोगरा आहे, ठाऊक आहे मला. पण ऐका ना! गावात नवीन काही उघडलं की तुम्ही हौसेने जाता, जा जरूर. पण एकदा कोपऱ्यातल्या टेबलाकडेही बघत जा. तिथे कोणी 'एक' म्हणून बसलेलं असतं. तिला काय हवंय ते विचारा. नुसतं विचारा!

स्वयंपाकघराचं दार आदळलं. हातात झारा घेऊन लतिकाकाकू वैतागून बाहेर आल्या. "कोण गं ती सारखी..."

आणि त्यांनी तिला पाहिलं. झारा तिथेच पडला. साडी गुडघ्यापर्यंत धरून त्या पाटावरून उडी मारून धावल्या.

"नीलेश, गाडी काढ! आधी गाडी काढ! आले गं बाय, आले मी!"