कितीपैकी

अरुणने फळ्यावर लाल मार्करने उभा पट्टा ओढला आणि वर लिहिलं : ५०%.

"आफ्रिकन मुलं. गणितात निम्मी नापास," तो इंग्रजीत म्हणाला. "माझा कुणावर राग नाही, आकडेच बोलताहेत. त्यांच्या घरी अभ्यासाचं वातावरण नसतं, त्याला पोरं काय करणार? वर्ग वेगळा केला तर त्यांचंही भलं, आपल्या मुलांचंही."

आखातातल्या अब्बासिया वस्तीतल्या भारतीय शाळेत सातवीची पालकसभा भरली होती. पालक माना डोलवत होते. शहरातल्या शर्क भागातल्या बँकेत ऑडिट करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला तोंड उघडतंय! वर्गशिक्षिका शामला मॅडमनी तर प्रस्ताव लिहूनही घेतला. मागच्या बाकावर सुदानची लैला बसली होती, वर्गातल्या जुळ्या यूसुफ आणि मरवाची आई. ती मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बाबा, कितीपैकी?"

अरुणची लेक उर्वी उभी राहिली होती. हा प्रश्न खरं तर त्याचाच होता. ऑफिसात कुणी ज्युनियर नुसती टक्केवारी घेऊन आला की तो या एका शब्दाने त्याला गार करायचा, आणि घरी जेवताना ते रंगवून सांगायचा.

"शाळेने टक्केच दिलेत," तो पुटपुटला.

"दोनपैकी. मरवा वर्गात पहिली आली, यूसुफ नापास झाला. दॅट्स ऑल, बाबा."

कुणीतरी खुदकन हसलं. अरुणच्या बायकोने, अर्चनाने, लेकीचा हात धरून खाली ओढलं.

"बस उर्वी. पुरे झालं."

उर्वीने हात सोडवून घेतला.

"आता शेजारी मराठी मुलांचा पट्टा काढा. आम्ही पण दोघंच आहोत. वेदांत पास झाला."

"मग?" अरुण हसत म्हणाला.

उर्वीने स्वतःकडे बोट दाखवलं. त्याने अर्चनाकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. उर्वीचा निकाल तिला आधीच ठाऊक होता. घरात तमाशा नको म्हणून तिने तो दाबून ठेवला होता.

अरुणची कानशिलं तापली. खरं सांगायचं तर पहिली लाज वाटली ती पोरगी नापास झाल्याचीच. मग नजर लैलाकडे गेली, घरातल्या वातावरणाबद्दल आपण आत्ता काय बोललो ते आठवलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं.

त्याने दुसरा पट्टा ओढला, पहिल्याइतकाच उंच, आणि खाली 'मराठी' लिहिलं. प्रस्ताव मागे घेतो म्हणाला, पण आवाज पहिल्या बाकापलीकडे गेला नसावा.

सभा सुटल्यावर तो लैलापुढे जाऊन उभा राहिला. माफीचं वाक्य काही केल्या जुळेना.

शेवटी लैलाच बोलली.

"एक विनंती आहे. घरी गेल्यावर मुलीला रागावू नका. यूसुफला मी नाही रागावले."