हसरा फोटो

भाची दात सरळ करण्याच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेत उपचार पूर्ण झालेला एक रुग्ण दाखवायचा होता, तो मी. दोन वर्षांत तिने माझे वेडेवाकडे दात तारेने ओळीत आणले. आता हसरा फोटो तेवढा राहिला होता. पण हसू आलं की माझा हात सवयीने तोंडावर जाई.

"मामा, परीक्षकांना दात बघायचेत, बोटं नाहीत."

शेवटी तिने माझ्या जुन्या दातांचा प्लास्टरचा नमुना माझ्या दोन्ही हातांत ठेवला. "घट्ट धर. हाही परीक्षेला द्यायचाय. फुटला तर मी नापास."

मी खाली पाहिलं. पुढचे दोन दात रुसून एकमेकांकडे पाठ करून उभे होते. साठ वर्षं मी यांना लपवत होतो. मला हसू आलं, आणि हात मोकळा नव्हता.