शाळेचे कपडे वाळेनात

दोरीवर: दोन निळे फ्रॉक, पांढरे सदरे, लांब मोजे, एक स्वेटर.
दोरीखाली: उपासनेला बसलेली माणसं.

हसू नका. पाळकांच्या घरात मोठी खोली एकच. रविवारची उपासना तिथंच आणि पावसाळ्यात वाळवणही तिथंच. या परमुलखात येऊन वर्षं झाली, तरी पाळकबाई इथल्या पावसाला बिचकून असत. बरणीतलं मीठ पाघळायचं. काड्यापेटी उशाशी घेऊन निजलं तरी काडी पेटायची नाही. बाजाच्या पेटीच्या पट्ट्या फुगून अडकायच्या, आणि गीत संपलं तरी एक सूर आपला रडतच राहायचा. धाकटा म्हणे, "पेटीला सर्दी झालीय."

पण बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो या कपड्यांपायी. थोरली शहरातल्या वसतिगृहात निघाली होती. पुढच्या इयत्तेची शाळा इथं नव्हतीच. मिशनची जीप आठवड्यातून एकदा शहराला जायची आणि वाटेत एक बुटका पूल होता. पाणी त्यावरून वाहू लागलं, की पावसाळा सरेपर्यंत रस्ता बंद. मग पोरीचं वर्ष गेलंच.

आणि ओले कपडे ट्रंकेत भरायची सोय नाही. गेल्या साली एका मुलीच्या कपड्यांना बुरशी आली, तेव्हा वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनी तिला ट्रंकेसकट माघारी धाडलं होतं.

दोन जीपा गेल्या. कपडे वाळले नाहीत.

*

दोरीवर: तेच.

"आई, संध्याकाळी बरे लागत होते गं हाताला."

"हवाच दमट आहे, बाळा."

"स्वेटर तर पिळला तर पाणी निघेल."

"ताई जाणार नाही! ताई जाणार नाही!" धाकटा नाचला.

"गप रे, माकडा. पप्पा, सांगा ना याला."

पाळक ताटात बघत म्हणाले, "जेव."

थोरलीला जायचं होतं. वर्गात बाकावर शेजारी कोण बसेल, खिडकी मिळेल का, एवढीच तिला काळजी. बाई मात्र रात्री उठून तिचं पांघरूण पुन्हा पुन्हा सारखं करत. पण त्यांची स्वतःची शाळा लग्नाने सुटली होती, आणि पोरीच्या बाबतीत त्या ऐकणाऱ्या नव्हत्या.

*

इथं रविवार मध्ये घ्यायला हवा.

त्या रविवारी पाळकांनी संदेश दिला तो देण्यावर. मोज्यांखाली उभं राहून, इथल्या लोकांच्या भाषेत, अगदी पोटातून. "नावडतं कुणीही देतं," ते म्हणाले. "जीव अडकलेलं द्यावं, आणि द्यायच्या वेळी हात मागे घेऊ नये." पुढच्या रांगेतल्या म्हातारीने डोळे पुसले. बाईंनीही पुसले. तेवढ्यात मोज्यातला एक थेंब टपकन पाळकांच्या कपाळावर पडला. ते दचकले, इतके की बाईंना नवल वाटलं. थेंबच तर होता.

*

दोरीवर: तेच. आज जीप. तिसरी, आणि ड्रायव्हरने आदल्या दिवशी बजावलं होतं, "बाई, उद्या निघालात तर निघालात. परवा पूल माझा नाही, नदीचा."

घरचा एक नियम होता. पहाटे पाळक मोठ्या खोलीत प्रार्थनेला बसले, की आत कुणी जायचं नाही. इतक्या वर्षांत बाईंनी तो मोडला नव्हता. पण आज उरलासुरला कोळसा घालून कपड्यांखाली शेगडी ठेवायचीच होती, म्हणून त्यांनी दार हळूच लोटलं.

पाळक गुडघ्यांवर नव्हते. दोरीपाशी उभे होते. डाव्या हातात पाण्याचा वाडगा. उजव्या हाताची बोटं त्यात बुडवून ते फ्रॉकवर पाणी शिंपडत होते. तान्ह्या बाळांच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी घालताना हात जसा हळू उचलायचे, तसाच हळू.

बाई उंबऱ्यात थांबल्या.

आणि खरं सांगायचं, तर आधी राग आला नाही. आधी वाटलं ते हायसं. दार तसंच ओढून घ्यायचं. कपडे ओले आहेत, जीप निघून जाईल, पोरगी घरात राहील, आणि दोष पावसाचा. त्यांचा हात दारावर होता. दार ओढलं असतं तर...

ओढलं नाही.

"अहो."

वाडग्यातलं पाणी हिंदकळलं.

"झाली प्रार्थना?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

पाळकांनी ओली बोटं सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "पाऊस थांबवू नकोस, असं मागणार होतो. पण खालच्या वस्तीत लोकांच्या घरांत पाणी शिरलंय. ते कुठल्या तोंडाने मागू? म्हटलं, देवाला यात घालायला नको. आपलं आपणच करावं."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," बाई म्हणाल्या, "आणि आपण कोरडे पाषाण. तुम्ही तर कोरडेही नाही."

"लहान आहे गं ती."

"आहेच. आणा तो वाडगा."

*

दोरीवर: काही नाही.

सगळं शेगडीभोवती. बाई इस्त्री फिरवत होत्या, पाळक निखारे फुंकत होते. डोळ्यांत धूर गेला म्हणायची दोघांनाही सोय झाली. सदरे वाळले, फ्रॉक वाळले. स्वेटर हट्टी. बाहेर हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. शेवटी पाळकांनी स्वेटर आपल्या सदऱ्याच्या आत, छातीशी घातला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन जीपपर्यंत चिखल तुडवत गेले. जीपमध्ये थोरलीने तो अंगात घातला.

"पप्पा, गरम आहे."

"हं."

"पोचले की लिहीन."

"हं," पाळक म्हणाले, आणि जीपचं दार त्यांनीच लावलं.

*

घरात वाडगा खिडकीत होता. बाईंनी उचलला आणि पाणी चहाच्या भांड्यात ओतलं.

"अगं, ते पाणी..."

"पाणीच आहे. बसा. आणि प्रार्थना राहिलीय तुमची."

पाळक गुडघ्यांवर बसले. धाकटाही बसला, कधी नव्हे तो गप्प.

"प्रभू, पाऊस थांबव," पाळक म्हणाले. "ती पूल ओलांडेपर्यंत तरी. आणि वस्तीसाठी..."

पुढचं त्यांना बोलता येईना. ते बाईंनी पुरं केलं.

पाऊस पडतच होता. चहा उकळला.