पेटी क्रमांक १०७

१४ जानेवारी २००३, मंगळवार. सकाळी आठ वाजता शून्याखाली नऊ अंश. वारा मोठ्या सरोवरावरून. रात्रभर पडणारा बर्फ सव्वासातला थांबला. तळघरात हवा कोरडी.

ही नोंद विभाग सांभाळणाऱ्या आर्डिसची. लिहिताना ती पुटपुटते, म्हणून मला पाठ होते. तारीख आणि हवा लक्षात ठेवायची सवय मला तिच्याकडूनच लागली. मी साळिंदर. जिवंत नव्हे, पेंढा भरलेला. शाळा मंडळाच्या शिक्षण-साहित्य विभागातल्या पेटी क्रमांक १०७ मध्ये माझा मुक्काम. आज बोलतोय तो एवढ्यासाठी, की त्या मंगळवारी माझं नाव टाकून द्यायच्या यादीत आलं. ते कसं आलं, हे मला क्रमाने सांगायचं आहे.

माझा जन्म इथल्याच हेमलॉकच्या झाडांच्या रानातला. आम्हा साळिंदरांना मिठाचं भारी वेड. माणसाच्या घामातलं मीठ कुऱ्हाडीच्या दांड्यात मुरतं. तो दांडा कुरतडण्यात जी गोडी आहे, ती झाडाच्या सालीत नाही. १९५१ च्या ऑक्टोबरात लाकूडतोड्यांच्या छावणीत असाच एक दांडा कुरतडताना स्वयंपाक्याने मला पाहिलं. पुढचं सांगत नाही. दांडा त्याचा होता, चूक माझी होती.

जीवशास्त्राच्या एका मास्तरांनी मला उचलून आणलं आणि पेंढा भरून उभं केलं. डावा डोळा साळिंदराचाच बसवला. उजवा कोल्ह्यासाठी मागवलेला, किंचित मोठा. त्यामुळे एका बाजूने मी कायम चकित दिसतो. मग पाइनच्या फळ्यांची पेटी झाली, तिला चामड्याची मूठ लागली, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या पडल्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटलं. त्यावर चार रकाने होते : नेल्याची तारीख, शाळा आणि शिक्षक, परत आल्याची तारीख, अवस्था.

मंडळाच्या अकरा शाळा. पहिलीपासून शेवटचीपर्यंत गेलं तर शंभर मैल. शिक्षकांनी चिठ्ठी पाठवायची, की मंगळवारी किंवा गुरुवारी विभागाची गाडी निघायची. गाडीत पुस्तकांचे गठ्ठे, नकाशे, दगडांच्या पेट्या, ग्रहमालेचं यंत्र, हुकाला टांगलेला सांगाडा आणि मी. सांगाड्याला प्रत्येक शाळेत वेगळं नाव मिळायचं. मला मिळायचे दोन प्रश्न, सगळीकडे तेच. "खरा आहे का?" आणि लगेच, "मेलाय का?"

मग बाई सांगायच्या, "हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवायचा. उलटा फिरवलात तर मला विचारू नका." मुलं रांगेने यायची. ओली, गरम, लोणी लागलेली बोटं. प्रत्येक वर्गात एखादं मूल असं निघायचंच, की जे हात फिरवता फिरवता एक काटा हळूच उपटून मुठीत लपवायचं. मला दुखत नसे. उलट, आपलं काहीतरी कुणाच्या तरी खिशातून घरी चाललंय, याचं बरं वाटायचं. अवस्थेच्या रकान्यात लिहून येई : काटे कमी, दोन. काटे कमी, एक. एकदा नऊ. त्या वर्गात जुळी होती.

१९८९ पर्यंत कार्डावर कार्ड चिकटत गेलं. एकूण ओळी ३८८. पाठीचा मधला भाग जवळजवळ उघडा पडला.

त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर आला. सुट्टीतल्या कामाला कॉलेजची तीन मुलं आली आणि सगळी कार्डं टाइप करत बसली. एक मुलगी माझ्यापाशी थांबली. तिने ग्रंथपालबाईंना विचारलं, "या पेट्यांना काय लावू? चिठ्ठी चिकटवायला पुस्तकासारखी पाठ नाही यांना."

बाईंच्या मागे अकरा शाळांची कामं होती. मान वर न करता म्हणाल्या, "पुस्तक नाही ना? मग लाल लाव."

मुलीने माझ्या झाकणावर एक गोल लाल टिकली चिकटवली. सगळ्या १४३ पेट्यांना चिकटवली आणि कॉम्प्युटरातही तशीच नोंद केली. मला वाटलं, आपला मान झाला.

त्यानंतर मला कोणी मागितलं नाही.

पूर्वी प्रत्येक शाळेला ग्रंथपाल होती. मग तीन शाळांत एक झाली, मग अकरांत एक. १९९० मध्ये तीही निवृत्त झाली आणि त्या जागेवर ग्रंथपाल म्हणून कोणी आलंच नाही. आली ती आर्डिस लाह्ती, शाळेच्या स्वयंपाकघरातून. चाळीस मुलांची पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, एका वेळी भाजणारी बाई. विभागाचं काम तिला कोणी शिकवलं नाही, ती बघत बघत शिकली. पुस्तकांच्या चिठ्ठ्या येत, ती पुस्तकं पाठवी. पेट्यांच्या चिठ्ठ्या येत नसत. तिला वाटलं, शिक्षकांना आता असल्या वस्तू नकोशा झाल्या. मला वाटलं, मुलांना.

दर शुक्रवारी ती एकेक झाकण उघडून वारा देई, फडकं मारी, गोळ्या बदली. तेवढा पाव तास उजेड. समोरच्या फळीवरच्या पेट्यांची नावं वाचून वाचून मी वाचायला शिकलो : ज्वालामुखी, जुने दिवे, पक्ष्यांची घरटी. मग पुन्हा झाकण. गाडी मंगळवारी जाताना ऐकू यायची, गुरुवारी जाताना ऐकू यायची. पहिली काही वर्षं इंजिन सुरू झालं की मी सावध होत असे. नंतर तेही राहिलं.

गाडीवर डेल्बर्ट होता. त्याचा रोजचा विनोद ठरलेला. "काय गं आर्डिस, तुझा काटेरी घरकोंबडा नवरा काय म्हणतोय?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलतो. म्हणून टिकलाय."

असं साडेबारा वर्षं.

तर तो मंगळवार. शुक्रवारी गोळ्या बदलायच्या राहिल्या होत्या, म्हणून माझं झाकण उघडं होतं. शिक्षण विभागाच्या नव्या संचालक मरीसा होल्कम बर्फाचे बूट न काढताच तळघरात आल्या. हातात यादी होती. मंडळाचा नियम असा, की दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली वस्तू काढून टाकायची. यादीत १४३ पेट्या होत्या आणि प्रत्येकीपुढे शून्य.

"पेट्याच जाणार असतील, तर नुसत्या पुस्तकांसाठी एवढा विभाग कशाला, असं मंडळ म्हणतंय," त्या म्हणाल्या. "दहा फेब्रुवारीला मतदान आहे. आर्डिस, मी काही दुष्ट बाई नाही हो. पण शून्य म्हणजे शून्य."

"विभाग गेला तर मी?"

"स्वयंपाकघरात जागा आहे. मी विचारून ठेवलंय."

आर्डिसने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तोडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला. दोघींनी मिळून तो पाव संपवला.

१६ जानेवारी, गुरुवार. शून्याखाली चार. पुन्हा बर्फ. डेल्बर्ट परत आला तो एका बाईंना घेऊन. रेनी डेनोमी, साठ मैलांवरच्या शाळेत तिसरीच्या शिक्षिका. त्यांना मुख्य कचेरीत काम होतं आणि त्यांची मोटार घराच्या दारातच गाडली गेली होती. आर्डिस टाकायच्या आधी म्हणून पेट्या पुसत होती. माझं झाकण बंद होतं, पण आवाज ऐकू येत होते.

"अय्या, पेटीवर साळिंदर लिहिलंय! हाच ना तो? पाच वर्षं मागतेय मी याला."

"मागताय? कोणाकडे?" आर्डिस म्हणाली. "मला एक चिठ्ठी नाही आली."

"चिठ्ठी पाठवूच देत नाही ना कॉम्प्युटर! शाळेतून बघितलं की लिहून येतं, जागेवरच पाहावे, बाहेर दिले जात नाही. माझी एकोणीस मुलं साठ मैल आणू का इथे?"

"माझ्या पडद्यावर नुसता क्रमांक आणि फळी दिसते."

"अहो, ही लाल टिकली आहे की. लाल म्हणजे जागेवरचं पुस्तक, शब्दकोश-बिब्दकोश. सगळ्या ग्रंथालयांत तेच."

मग डेल्बर्ट म्हणाला, "म्हणजे तुझा नवरा घरकोंबडा नव्हता गं. तूच कोंडून ठेवलास."

"गप्प बस, डेल्बर्ट."

मग झाकणावर नखाचा खरखराट सुरू झाला. टिकली तेरा वर्षांची होती, सहजी निघेना.

झाकण उघडलं. आर्डिसचे डोळे कोरडे होते. ती रेनीबाईंना म्हणाली, "फॉर्म-बिर्म राहू द्या. आज न्या." मग तिने कार्डावर पेनने लिहिलं, एका ओळीला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग फडकं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच नुसता हात माझ्या अंगावरून फिरवला, डोक्याकडून शेपटीकडे. एके ठिकाणी हात थांबला, मग मुठीत मिटला. मग झाकण लागलं आणि थोड्या वेळाने गाडीचं इंजिन ऐकू आलं. या वेळी ते माझ्याखाली होतं.

वर्गात पहिला प्रश्न आला, "खरा आहे का?" दुसरा, "मेलाय का?" तेरा वर्षांत काही बदललं नव्हतं.

रेनीबाईंनी माझ्याशेजारी एक लहानसा डबा ठेवला. भूर्जाच्या सालीचा, वर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांची फुलं. त्यांच्या आजीने केलेला. एका मुलीने डब्याकडे पाहिलं, माझ्या उघड्या पाठीकडे पाहिलं. "बाई, हा एकटाच का आहे?"

"साळिंदरं एकेकटीच राहतात."

"थंडीत पण?"

"थंडीत नाही. थंडीत दोघंतिघं एका ढोलीत येऊन बसतात."

मला तळघर आठवलं. सांगाडा, ज्वालामुखी, पक्ष्यांची घरटी. आम्ही १४३ जण होतो.

तिकडे आर्डिस एकेक टिकली खरवडत होती. कॉम्प्युटरातली एकेक नोंद बदलत होती. अकरा शाळांना तिने हाताने पत्रं लिहिली. हे मला डेल्बर्टकडून कळलं. ११ फेब्रुवारीला तो पुस्तकं घेऊन आला, तेव्हा वर्गात कोणी नव्हतं, मुलं जेवायला गेली होती. टोपी हातात घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. इकडेतिकडे बघून घेतलं.

"आर्डिस म्हणाली, साळिंदराला सांग. म्हणून सांगतोय. मला वेड लागलेलं नाही." त्याने टोपी बोटांवर फिरवली. "काल मतदानाच्या सभेत होल्कम बाई स्वतः उठून बोलल्या हो. म्हणाल्या, शून्य चुकीचं आहे, एक वर्ष द्या. पण मंडळवाले तळघर आधीच दुसऱ्या कामाला कबूल करून बसले होते." त्याने टोपी डोक्यावर घातली. "तुला मी घरकोंबडा म्हणालो होतो. ते मागे घेतो."

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली. आता मी खिडकीच्या कट्ट्यावर असतो, झाकण उघडं. रेनीबाईंनीच तसं ठेवलंय. बाहेर रान दिसतं. वर्गात दिवसभर कोणी येत नाही. तुमच्याकडे कुठल्या कपाटात, कुठल्या तळघरात एखादी वस्तू वर्षानुवर्षं कुणी मागितली नाही असं दिसलं, तर टाकायच्या आधी ती एकदा मागून बघा. मिळतेय का, एवढंच बघा.

१० फेब्रुवारी २००३ चं मतदान : चार विरुद्ध तीन. विभाग ३० जूनला बंद. तोवर मागितल्या गेलेल्या ३१ पेट्या त्या त्या शाळेत राहिल्या. ११२ पेट्या २७ जूनला ट्रकमध्ये भरल्या. आर्डिस लाह्ती १ जुलैपासून स्वयंपाकघरात.

झाकणावरच्या कार्डाची ३८९ वी ओळ, आर्डिसच्या अक्षरात : १६ जानेवारी २००३. डेनोमी, तिसरी. परत आल्याची तारीख, कोरी. अवस्था : जातानाच काटे कमी, एक.